शिवेवरचा शेजार : उल्हास खोऱ्यातील माणूस आणि वन्यप्राणी

राजमाचीच्या परिसरात सह्याद्रीवरून उतरणारी उल्हास नदी कर्जत-नेरळच्या बाजूने उत्तरेकडे वाहत बदलापूरला येते, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या कडेने कल्याणला पोहोचते आणि वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. बदलापूर ते कल्याण या टप्प्यात तिच्या दोन्ही अंगांना रान आहे. पश्चिमेला माथेरानपासून चंदेरीवरून मलंगगडापर्यंत गेलेली डोंगररांग आहे, तर पूर्वेला बारवी या उपनदीच्या पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या उतारांवरचे पावसाचे पाणी त्या नदीत जमा होते त्या प्रदेशात, साग, ऐन, खैर यांचे पानगळीचे जंगल मुरबाड तालुक्यापर्यंत पसरलेले आहे. या दोन रानांमधल्या सपाटीवरून १८५६ मध्ये कल्याण ते खोपोली हा लोहमार्ग गेला आणि पुढच्या दीडशे वर्षांत त्याच्या आधाराने बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर ही तीन शहरे वाढली. त्यामुळे बिबट्या दिसला की ‘जंगलातला प्राणी शहरात शिरला’ असे जे म्हटले जाते, ते भूगोलाच्या दृष्टीने अर्धेच खरे आहे; एका डोंगरातून दुसऱ्या डोंगराकडे जाणाऱ्या प्राण्याच्या वाटेवरच शहर उभे राहिले, ही त्याची उरलेली बाजू होय.

मात्र ‘आधी कोण आले’ एवढ्या वादाने या शेजाराचा इतिहास उलगडत नाही. माणूस आणि वन्यप्राणी या खोऱ्यात शतकानुशतके एकमेकांपासून अंतर राखून राहत आले आहेत. बदलत गेली ती त्यांच्यामधली सीमा आणि ती सांभाळण्याची जबाबदारी. गावाची शीव, राखीव जंगलाची हद्द, लष्करी छावणीची आखणी, धरणाची पाणरेषा आणि गृहसंकुलाची भिंत अशा पाच सीमा येथे एकामागून एक पडल्या. प्रत्येक नव्या सीमेने आधीची सीमा झाकली, पण जुन्या सीमेबरोबर चालत आलेली कर्तव्ये नव्या सीमेवर कोणी उचलली नाहीत, हे या इतिहासाचे सूत्र म्हणता येईल.

बंदरामागचे रान

कल्याण हे सातवाहन काळापासून नावारूपाला आलेले बंदर होते. बंदराला माल हवा, गलबतांना लाकूड हवे, आणि ते लाकूड मागच्या खोऱ्यातल्या रानातून येत असे. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी-लेखक कॉस्मस याने कल्याणहून निर्यात होणाऱ्या वस्तूंत लाकडाचा उल्लेख केला आहे, आणि शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर या भागात जहाजबांधणीला जी चालना दिली, तिच्यामागेही या सागवानाची जवळीक होतीच. म्हणजे मधल्या सपाटीवरचे जंगल रेल्वेच्या आधीपासूनच कुऱ्हाडीखाली होते आणि त्याला ‘अस्पर्श’ म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर या जुन्या वस्तीचा ठळक पुरावा आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ देणारा त्याचा शिलालेख शिलाहार राजा मम्वाणी याच्या कारकिर्दीतला आहे. वालधुनीच्या काठी एवढे मोठे दगडी मंदिर उभे राहण्यासाठी कारागीर, बैल, धान्य आणि रस्ता यांची जुळणी लागते. त्यावरून अकराव्या शतकात ही सपाटी शेतीखाली होती आणि तिला राजसत्तेचा आधार होता, असे अनुमान काढता येते. भाताचे खाचर सपाटीवर आणि रान डोंगरउतारावर, ही या खोऱ्याची मूळ रचना तेव्हापासून विसाव्या शतकापर्यंत फारशी बदलली नाही.

शिवेचा करार

या दोहोंच्या मध्ये जो पट्टा येतो त्याला वरकस जमीन म्हणतात. ही उतारावरची हलकी, मुरमाड जमीन असते. तिच्यावर नाचणी-वरी घेतली जाते, गुरे चरतात आणि भाताच्या रोपांसाठी लागणारा पालापाचोळा तिच्यावरून आणला जातो. गावाची शीव, म्हणजे गावच्या हद्दीची मानलेली कड, बहुधा याच पट्ट्यातून जात असे. सपाटीवरची आगरी, कुणबी, कोळी यांची गावे आणि उताराकडच्या ठाकूरवाड्या व कातकरवाड्या यांचे व्यवहार या पट्ट्यात एकत्र येत आणि वन्यप्राण्याशी माणसाची गाठही सर्वांत जास्त येथेच पडत असे. रानडुक्कर खाचरात उतरे ते येथूनच, आणि संध्याकाळी मागे राहिलेली शेळी बिबळ्याच्या तोंडी जाई तीही येथेच.

उत्तर कोकणातील आदिवासी समाजांनी या कडेला वाघोबा किंवा वाघदेव बसवला. हा देव म्हणजे शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी असते, तिच्यावर वाघाची आकृती, आणि अनेक ठिकाणी सोबत चंद्र, सूर्य व नाग कोरलेले असतात. वारली समाजातील वाघोबापूजेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील दीडशेहून अधिक वाघोबास्थानांची नोंद केली आहे. वाघ आणि बिबळ्या यांत या देवाच्या दरबारी फरक केला जात नाही, दोन्ही वाघच. त्याच्या जन्मकथेची रूपे गावोगाव बदलतात, पण गाभा कराराचा असतो : गावाने वाघाला जागा आणि वर्षाचा मान द्यायचा, वाघाने गावाच्या माणसांना आणि गुरांना सांभाळायचे.

हा करार दरवर्षी नव्याने होतो. आश्विन वद्य द्वादशीला, ज्या दिवशी सपाटीवरची गावे वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतात, त्याच दिवशी ठाकर, महादेव कोळी आणि वारली यांच्या वस्त्यांत वाघबारस असते. गुराखी शिवेवर जमतात, वाघोबाला शेंदूर लावतात, नारळ आणि कोंबड्याचा मान देतात आणि खीर शिजवून तेथेच जेवतात. सह्याद्रीच्या काही गावांत गुराख्यांपैकी मुले वाघ, अस्वल, कोल्हा अशी सोंगे घेतात. बाकीचे त्यांना ‘आमच्या शिवारात येशील का’ असे दरडावून विचारत पिटाळतात आणि सोंगे ‘नाही येणार’ असे कबूल करत पळतात. गाय आणि वाघ यांची पूजा एकाच तिथीला यावी यात गुरेपाळ समाजाचा हिशेब दिसतो, कारण ज्याच्यापासून गाय वाचवायची त्याच्याशी बोलणी केल्याशिवाय गाईची पूजा पुरी होत नाही.

या प्रथेकडे केवळ प्राणिप्रेम म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. हेच समाज जाळी, फास आणि हाका, म्हणजे आरडाओरडा करून प्राण्याला एका दिशेने पळवत नेण्याची पद्धत, वापरून डुक्कर, ससे, भेकर यांची शिकार करत. कातकऱ्यांच्या आहारात शेतातल्या उंदरांनाही जागा होती आणि त्यांच्या उंदीर धरण्यामुळे भाताचे होणारे रक्षण शेतकऱ्यालाही हवे असे. मुद्दा असा की प्राण्यामुळे होणारे काही नुकसान येथे गृहीत धरलेले होते आणि ते आटोक्यात ठेवण्याची कामे वाटून दिलेली होती : दिवस मावळायच्या आत गुरे आणणे गुराख्याचे काम, शेळ्या घरातच एका बाजूला बांधणे घरधन्याचे, पीक पोसवले की माळ्यावर बसून रात्र जागणे शेतकऱ्याचे आणि वर्षाचा मान देणे गावाचे.

राखीव हद्द

१८७८ च्या वन कायद्याने या व्यवस्थेवर दुसरी सीमा आखली. या कायद्यानुसार जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पडले. राखीव जंगलात गावकऱ्यांचे पूर्वापार हक्क जवळजवळ उरत नाहीत, तर संरक्षित जंगलात ते सरकारच्या मर्जीने चालतात. ठाणे जिल्ह्यात या बदलाचा सर्वांत मोठा फटका राबाला बसला. राब म्हणजे पावसाळ्यापूर्वी भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर शेण, झाडांच्या फांद्या, पाला आणि गवत यांचे थर रचून, वर माती पसरून ते जाळणे; त्याने तण मरते, जमीन भाजून निघते आणि राखेचे खत मिळते. फांद्या तोडण्यावर बंधने येताच राब अडला, आणि राब अडला की कोकणातल्या शेतकऱ्याचा भात अडतो. ठाणे जिल्ह्यातून यावर एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि १८८७ पर्यंत त्याचे काम चालले.

त्याच वर्षीच्या, म्हणजे १८७८ च्या, शस्त्र कायद्याने खेड्यातल्या बंदुकीवर परवान्याचे बंधन आणले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या दोन कायद्यांचा शेतकऱ्याच्या अंगावर पडणारा एकत्रित भार ओळखला होता : रानडुकरे पीक खातात, त्यांना मारायला हत्यार ठेवू दिले जात नाही, तेव्हा निदान राखणीची आणि झालेल्या नुकसानीची जबाबदारी तरी सरकारी नोकरांनी घ्यावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. वन्यप्राण्याने केलेल्या नुकसानीचा भरणा सरकारने करावा, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना मराठीत इतक्या लवकर आणि इतक्या रोखठोकपणे मांडली गेली, याची नोंद घ्यायला हवी.

सरकारचे धोरण मात्र दुतोंडी होते. एकीकडे जंगल राखायचे आणि दुसरीकडे त्यातल्या हिंस्र प्राण्यांना मारणाऱ्यास बक्षीस द्यायचे, असे ते होते. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, वाघ, बिबळ्या, तरस, सांबर आणि रानडुक्कर हे सारे जिल्ह्याचे रहिवासी म्हणून नोंदलेले आहेत. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत त्यांतला पहिला प्राणी नाहीसा झाला. मुंबईलगतच्या साष्टी बेटावर १९२९ मध्ये विहार तलावाच्या बाजूला मारला गेलेला वाघ तेथील अखेरचा मानला जातो, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर कोकणातून वाघाची वस्ती उठली. बक्षीस, शिकार, विरळ झालेले जंगल आणि सांबर-डुकरांची घटती संख्या या सगळ्यांचा त्यात वाटा होता. वाघाला मोठे सावज आणि सलग रान लागते. बिबळ्याला कुत्रे, शेळी, घूस, वानर, काहीही चालते आणि झुडपांचा पट्टाही पुरतो. म्हणून एकाच खोऱ्यात एक संपला आणि दुसरा टिकला.

काडेपेटी आणि छावणी

विसाव्या शतकात सपाटीचे रूप पालटले ते कारखान्यांनी. स्वीडिश भांडवलाच्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजेच ‘विमको’चा, काडेपेट्यांचा कारखाना १९२० च्या दशकात अंबरनाथला उभा राहिला आणि १९५३ मध्ये तेथे शस्त्रास्त्र निर्मितीचा सरकारी कारखाना आला. पाठोपाठ रसायनांचे, रंगांचे आणि यंत्रांचे कारखाने आले. मंदिराच्या पायथ्याची वालधुनी या उद्योगांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वाहणारा नाला होऊन बसली. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे, म्हणजे पर्यावरणविषयक दाव्यांसाठीच्या विशेष न्यायपीठापुढे, नेला तोवर वालधुनीच्या काठचे मासे, बेडूक आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी यांचे घर मोडून बराच काळ झाला होता. बिबट्याच्या एका फेरीची जेवढी बातमी होते, तिच्या शतांशानेही या सावकाश झालेल्या हानीची झाली नाही.

उल्हासनगरची गोष्ट याहून वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची तात्पुरती छावणी उभारण्यात आली होती. युद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या तिच्या बराकींत फाळणीनंतर सिंधहून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील भाग ‘कॅम्प १’ ते ‘कॅम्प ५’ अशा छावणीच्या क्रमांकांनीच ओळखले जातात.

छावणीची आखणी ही येथली तिसरी सीमा; तिच्या दृष्टीने पाहता हे शहर खेड्यातून वाढलेले नाही. त्याला वरकस पट्टा नव्हता, गुराखी नव्हता आणि म्हणून शिवेवरचा देवही नव्हता. सिंधी समाज आपल्याबरोबर झुलेलाल घेऊन आला, जो पल्ला माशावर आरूढ होऊन सिंधू नदीत प्रकटतो. म्हणजे प्राण्याशी आणि पाण्याशी नाते सांगणारी परंपरा त्याच्याजवळ होती, पण ती दुसऱ्या नदीची होती. सर्वस्व मागे टाकून आलेल्या माणसांनी बराकीच्या खोलीत घर आणि कारखाना एकत्र थाटून जे शहर उभे केले, त्याच्या सुमारे १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. एवढ्या दाटीत वन्यप्राण्याला जागा उरत नाही हे उघड आहे. तरीही २०१९ मध्ये उल्हासनगरच्या भरवस्तीतील एका बंगल्यात बिबट्या शिरला आणि त्याला बेशुद्ध करून पकडावे लागले.

बारवीचे पाणी

या शहरांच्या आणि कारखान्यांच्या तहानेतून चौथी सीमा जन्मली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बदलापूरच्या पूर्वेला बारवी नदीवर बांधलेले धरण १९७२ मध्ये पुरे झाले आणि पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. ठाणे-बेलापूर पट्ट्यापासून अंबरनाथपर्यंतचे उद्योग आणि अनेक शहरे या पाण्यावर अवलंबून आहेत. उंची वाढली तशी पाणरेषा वर सरकली, तोंडली, मोहघर यांसारख्या गावांची शेते-घरे तिच्याखाली गेली आणि पुनर्वसनाचा लढा अनेक वर्षे चालला.

योगायोग असा की ज्या १९७२ मध्ये धरण पुरे झाले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. मुंबई राज्याचा १९५१ चा असाच एक कायदा आधी होता, पण शिकारीची वाट त्याने पूर्ण बंद केली नव्हती. ते काम १९७२ च्या कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी केले. या दोन घटनांनी मिळून बारवीच्या रानाचे भवितव्य ठरवले. उन्हाळ्यात सुकून जाणाऱ्या डोंगराला बारमाही पाण्याचा साठा मिळाला, भोवतालचे बरेचसे जंगल वनखात्याच्या ताब्यात असल्यामुळे तेथे इमारती उठल्या नाहीत आणि बिबट्यावर बंदूक रोखणे गुन्हा ठरला. वरकस पट्ट्यातली माणसे हटली, सावज आणि शिकारी राहिले. शहराची तहान भागवण्यासाठी केलेल्या कामाने बिबट्यालाही आसरा दिला, आणि ते कोणी ठरवून केले नव्हते.

‘आणून सोडलेला’ बिबट्या

बिबट्या वरचेवर दिसू लागला की ‘वनखात्याने तो आणून सोडला’ अशी बोलवा ठाण्यापासून नगरपर्यंत सर्वत्र ऐकू येते. ती निव्वळ अफवा म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिच्या मुळाशी एका खऱ्या धोरणाचा इतिहास आहे. माळशेज घाटाच्या पलीकडील जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात शंभराहून अधिक बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हेतू माणसांवरील हल्ले कमी करण्याचा होता. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधी वर्षाला सरासरी ४ असलेले हल्ले या काळात १७ वर गेले. ओळखीचे क्षेत्र सुटलेला बिबट्या बिथरतो, परत फिरू पाहतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो, असा या विषयातील अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ दिसला म्हणून बिबट्याला पकडू नये, ही भूमिका घेतली गेली.

परत फिरण्याच्या या ओढीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना उल्हास नदीच्या मुखापर्यंत येऊन गेला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका प्रौढ नराला बाहेर काढून, त्याच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेजच्या रानात सोडण्यात आले. ‘आजोबा’ हे नाव पडलेल्या या बिबट्याने काही आठवड्यांत सुमारे १२० किलोमीटरांचा प्रवास केला, कसाऱ्याचा लोहमार्ग आणि महामार्ग ओलांडला आणि वसईच्या खाडीपलीकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गाठले. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. एवढ्या प्रवासात त्याने कोणा माणसाला इजा केली नाही, आणि बहुतेकांना तो दिसलाही नाही. ज्याला शहर ‘घुसखोरी’ म्हणते ती बहुधा अशीच न दिसता पार पडणारी ये-जा असते. बातमी होते ती फसलेल्या फेरीची.

ही फेरी शहराकडे का वळते, याचे उत्तर बिबट्याच्या आहारात आहे. अकोले तालुक्यातील उसाच्या बागायती पट्ट्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याचा, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा पाळीव व गावठी प्राण्यांचा आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के निघाला. अंबरनाथ-बदलापूरची परिस्थिती त्या पट्ट्यासारखी नाही, पण कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री येथेही भरपूर आहेत. न उचललेला कचरा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला बोलावतात. त्यामुळे नगरपालिकेचे आरोग्य खाते हे, त्याला ठाऊक असो वा नसो, वन्यजीव व्यवस्थापनाचे खाते झालेले आहे.

कचऱ्याचा याहून थेट संबंध फेब्रुवारी २०२२ मध्ये बदलापूरजवळच्या गोरेगाव या खेड्याच्या परिसरात दिसला. एका कोवळ्या बिबट्याचे डोके पाण्याच्या मोठ्या प्लॅस्टिक बरणीत अडकले. बरणी पारदर्शक असल्याने त्याला बाहेरचे दिसत होते, पण पाणी पिता येत नव्हते की काही खाता येत नव्हते, आणि तशाच अवस्थेत तो रानात भटकत राहिला. रस्त्याने जाणाऱ्यांनी टिपलेले चित्रीकरण पसरल्यावर वनखात्याचे कर्मचारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि गावकरी यांनी सुमारे दोन दिवस शोध घेतला. अखेर तो सापडला, त्याला बेशुद्ध करून बरणी काढण्यात आली आणि उपचारांसाठी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेण्यात आले. या शोधात गावकरी रात्री रानात उतरले होते. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागातील एका इमारतीत बिबट्या शिरला, त्याच्या हल्ल्यात काही रहिवासी जखमी झाले आणि अनेक तासांनी तो पकडला गेला. दोन्ही घटनांतील प्राणी एकाच जातीचा होता. फरक होता तो निसटायला जागा असण्याचा आणि नसण्याचा.

भिंतीच्या आतले शेजारी

१९९१ मध्ये सुमारे ५२ हजार असलेली बदलापूरची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि ही वाढ भाताच्या खाचरांवर झाली. पाचवी सीमा म्हणजे या गृहसंकुलांची भिंत. तिच्या आत बिबट्या क्वचित येतो. नेहमी येतात ते साप, घोरपड, मुंगूस, उदमांजर आणि माकड. खाचरात उंदीर होते म्हणून धामण आणि नाग होते; खाचराची इमारत झाली तरी उंदीर कचऱ्याच्या आधाराने राहिले आणि त्यांच्या मागे साप राहिले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप कोकणात सर्वत्र आढळतात, आणि खेड्यात अंधारात चूड किंवा काठी घेऊन चालण्याची जी सवय होती ती दिव्यांच्या भरवशावर सुटली. तिच्या जागी सर्पमित्र ही नवी सामाजिक भूमिका उभी राहिली. दूरध्वनी आला की धावत जाऊन साप पकडून रानात सोडणारा हा बहुधा बिनपगारी तरुण, जुन्या गावात वाटून दिलेली राखणीची कामे आता एकटा करतो, आणि त्याचा धोकाही एकटाच पत्करतो.

खेड्याच्या बाजूला जुन्या कराराची जागा पंचनाम्याने घेतली आहे. शेळी किंवा गाय मारली गेली की मालक वनखात्याला कळवतो, वनकर्मचारी आणि पशुवैद्यक येऊन पाहणी करतात आणि ठरलेल्या दराने भरपाई मिळते. फुल्यांनी मागितलेली जबाबदारी अशा रीतीने सरकारने शतकाने का होईना उचलली, हे मान्य करावे लागते. मात्र दोन व्यवस्थांत एक मूलभूत भेद आहे. वाघबारशीला गाव वाघाचे देणे आगाऊ चुकवते आणि त्यासाठी सगळे एकत्र येतात. भरपाईत सरकार मालकाचे देणे मागाहून चुकवते आणि व्यवहार दोघांपुरता राहतो. इमारतीतल्या रहिवाशाला तर या दोहोंपैकी काहीच लागू नाही. त्याची शेळी जात नाही म्हणून भरपाई नाही, आणि त्याच्यावर मान देण्याचे बंधन नाही. त्याच्या वाट्याला फक्त भीती येते, आणि भीतीची मागणी नेहमी पिंजऱ्याची असते.

सहावी सीमा

गेल्या काही वर्षांत देशात प्राणी परत आणण्याचे मोठे प्रयत्न झाले. १९५२ मध्ये भारतातून नामशेष घोषित झालेल्या चित्त्याच्या जागी नामिबियातून आणलेले ८ चित्ते १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले, आणि मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या बाजूच्या दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात हलवण्यात आल्या. अशा प्रयोगांना राखलेले क्षेत्र, मोजलेले सावज आणि नेमलेली यंत्रणा असते. उल्हास खोऱ्याच्या बदलापूर ते कल्याण या टप्प्यात यांपैकी काहीही नाही; येथे न अभयारण्य आहे, न प्रकल्प, आणि तरी बिबट्या कोणी न आणता टिकून आहे. म्हणूनच येथला प्रश्न प्राणी आणण्याचा नसून आधीपासून असलेल्या प्राण्याची वाट मोकळी ठेवण्याचा आहे.

त्या वाटेवर सहावी सीमा पडते आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती महामार्गाचा जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा फाटा बदलापूरच्या बाजूने येऊन माथेरानच्या डोंगररांगेखालून सुमारे ४ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यांतून पनवेलच्या बाजूला उतरतो. बोगद्यामुळे डोंगराचा माथा शाबूत राहतो, ही आधीच्या पाच सीमांहून वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. पण बोगद्याच्या अलीकडे सपाटीवर जिथे बारवीचे रान आणि चंदेरीचा डोंगर यांच्यामधली ये-जा होते, तेथे पुलाखालच्या मोकळ्या जागा, ओढ्यांचे काठ आणि उरलेले वरकस तुकडेच काय तो रस्ता आहेत. ते बांधकामाखाली गेले तर दोन डोंगरांतले बिबटे एकमेकांपासून तुटतील आणि वाट शोधणारे जनावर आणखी दाट वस्तीत अडकेल.

शिवेची जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणणे शक्य नाही, कारण तिला लागणारा गुराखी आणि वरकस दोन्ही संपत आले आहेत. तिच्यातले तत्त्व मात्र नगरपालिकेच्या कामकाजात बसण्यासारखे आहे : सीमा आखणाऱ्यानेच ती राखावी आणि राखणीची कामे नावानिशी वाटून द्यावीत. कचरा रोज उचलणे, भटक्या कुत्र्यांची नसबंदी नियमाने करणे, ओढ्यांचे काठ विकास आराखड्यात मोकळे दाखवणे, सर्पमित्राला ओळखपत्र आणि विमा देणे, ही कामे अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील स्थानिक संस्थांच्या आवाक्यातली आहेत आणि त्यांतले एकही बिबट्याच्या नावाने केलेले नसले तरी चालते. वाघबारशीला शिवेवर जमणाऱ्या गुराख्याला आपले काम कोणते हे ठाऊक असते. या तीन शहरांतल्या कोणत्याही एका खात्याला ते आज ठामपणे सांगता येणार नाही, आणि माणूस व प्राणी यांच्यातल्या बहुतेक चकमकी याच मोकळ्या जागेत घडतात.